हेडलाइट मंद, बल्ब वारंवार उडतो, बॅटरी उतरते: पार्ट बदलण्याआधी काय मोजावं

प्रश्न थोडक्यात असा: २०१२ सालची १२५ सीसी मोटरसायकल. आयडलला हेडलाइट पिवळी पडते, रेस दिली की एकदम पांढरी होते. महिन्याभरात दोन बल्ब उडाले. बॅटरी नवी टाकली तरी सकाळी सेल्फ लागत नाही आणि हॉर्न घोगरा वाजतो. गॅरेजमध्ये कॉइल प्लेट (इंजिनच्या बाजूला बसलेली, वीज तयार करणारी), आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा आणि व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डबा) आणि पूर्ण वायरिंग किट बदलायला सांगितलं आहे. बदलावं का?

आत्ता नको. या तिन्ही तक्रारींचं मूळ एकाच जागी असू शकतं, आणि ती जागा म्हणजे आरआर युनिटची अर्थ वायर, म्हणजे चासीला आणि तिथून बॅटरीच्या ऋण टोकाला जोडणारी वायर. ती वायर, तिची थिंबल (टोकाची धातूची कडी) आणि चासीवरचा तिचा बोल्ट तपासायला अर्धा तास आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा पुरतो. कॉइल प्लेट बदलायची तर मॅग्नेटचं (कॉइलभोवती फिरणाऱ्या चुंबकी चाकाचं) कव्हर उघडणं आलं, काही मॉडेलांत पुलर लावून मॅग्नेट काढणं आलं, वर नवं गॅस्केट. एवढं करूनही दोष अर्थमध्येच राहिला असेल, तर नवी कॉइल आणि नवं आरआर जुन्यासारखंच वागणार.

त्या काळच्या बहुतेक १०० ते १२५ सीसी गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालत नाही. कॉइल प्लेटमधून दोन वाटा निघतात. एक वाट आरआरमधून डीसी होऊन बॅटरीकडे जाते. त्यावर हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट आणि सेल्फ चालतात. दुसरी वाट एसी करंटची, ती थेट हेडलाइटला जाते. आरआर तिच्यात एवढंच करतं की व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेवर गेलं की जास्तीचा करंट अर्थमध्ये वळवतं. म्हणून नवी बॅटरी टाकून तुमची हेडलाइट सुधारली नाही, सुधारणारही नव्हती. आयडलला थोडी मंद होणं हा अशा गाडीचा स्वभावच आहे: १३००-१४०० आरपीएमला कॉइल पुरेसं व्होल्टेज देत नाही. त्यासाठी आयडल वाढवून ठेवण्याची पद्धत चुकीची आहे. त्याने पेट्रोल जळतं, गिअर टाकताना झटका बसतो आणि खरा दोष झाकला जातो.

आता अर्थ तुटली किंवा गंजली तर काय होतं ते पाहा. जास्तीचा करंट वळवायला आरआरला जागाच उरत नाही. मग रेस दिली की हेडलाइटवर सोळा, अठरा, कधी वीस व्होल्ट जातात आणि बल्ब उडतो. त्याच वेळी आरआरला बॅटरीचं व्होल्टेज नीट ‘दिसत’ नाही, कारण ते मोजण्याचा त्याचा आधारही तीच अर्थ असते. मॉडेलनुसार चार्जिंग बंद पडतं किंवा बेलगाम होतं. बल्ब जास्त व्होल्टेजने उडतो आणि बॅटरी मात्र उपाशी राहते, हे वरवर परस्परविरोधी वाटणारं चित्र यातूनच तयार होतं.

कामाला लागण्याआधी साधनं: एक डिजिटल मल्टिमीटर, इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब दोन वायरी डाग देऊन, कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक पॉलिश पेपर, आणि जमलं तर डायलेक्ट्रिक ग्रीस. मल्टिमीटर स्वस्तातला असेल तर एक खबरदारी घ्या. अशा बऱ्याच मीटरमध्ये एसी रेंज लावून बॅटरीचे डीसी व्होल्ट मोजले की साधारण दुप्पट आकडा येतो. तो २६-२८ चा आकडा पाहून आरआर फेकून देऊ नका. आधी तुमचा मीटर त्याच एसी रेंजवर बॅटरीला लावून पाहा, म्हणजे त्याची खोड कळेल. हेडलाइटच्या वायरीतला करंट आरआरने कापलेला असतो, त्यामुळे तिथले आकडे मीटरनुसार एक-दीड व्होल्ट इकडेतिकडे होतात. तिथे नेमक्या आकड्यापेक्षा रेस वाढवल्यावर तो कुठे थांबतो का, हे बघायचं.

सुरुवात बॅटरीपासून, नवी असली तरी. नवी म्हणून आणलेली मेंटेनन्स-फ्री बॅटरी दुकानात महिनोन् महिने पडून अर्धी उतरलेली असू शकते. ती तशीच बसवली आणि गाडीचं चार्जिंगही अशक्त असलं, तर ती कधीच पूर्ण भरत नाही. बाहेर काढून चार्जरवर क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने चार्ज करा. ५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर अर्ध्या अँपिअरने. मग रात्रभर तशीच ठेवून सकाळी मोजा. १२.६ ते १२.८ आलं तर पूर्ण भरली. १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पूर्ण चार्ज करूनही साडेदहावर अडकत असेल तर एक सेल गेला, ती बॅटरी वॉरंटीत बदलून घ्या. व्होल्टेज ठीक असेल तर सेल्फ दाबून पाहा: दाबलेला असताना आकडा साडेनऊच्या खाली जाता कामा नये.

बॅटरीच्या टर्मिनलचे नट हाताने हलवून बघा. टर्मिनलमधला तो छोटा चौकोनी नट तिरका बसला की स्क्रू घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण लग (वायरीच्या टोकाची धातूची पट्टी) सैलच राहतो. मोजायचं ते लगवर नाही, बॅटरीच्या शिशाच्या टोकावर. दोन्हीकडे वेगळा आकडा आला तर दोष तिथेच सापडला.

आता इंजिन चालू करून चार ते पाच हजार आरपीएमवर धरा आणि बॅटरीच्या टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. १३.८ ते १४.५ अपेक्षित आहे. आयडलला १३ च्या खाली असलं तरी लगेच घाबरू नका, रेसचा आकडा महत्त्वाचा. रेस देऊनही आकडा बारा-साडेबारावरच राहिला तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर आरआर मर्यादा राखत नाही. असं चालू ठेवलं तर बॅटरी फुगते. दोन्ही परिस्थितींत पुढची पायरी एकच, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब बॅटरीच्या ऋण टोकावर धरा. लाल प्रोब आरआरच्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये) मागच्या बाजूने अर्थच्या पिनला टेकवा. हेडलाइट चालू करा, ब्रेक दाबा आणि रेस द्या. या दोन्ही जागा म्हणजे एकच अर्थ, त्यामुळे मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर मधल्या वाटेत गंज, सैल थिंबल किंवा आतून तुटलेली वायर आहे. हे काम कंटिन्युइटीचा ‘बीप’ करू शकत नाही. वायरीच्या सात तारांपैकी एक शिल्लक असली तरी बीप वाजतो, कारण मीटर अगदी क्षुल्लक करंट सोडतो. तीच वायर तीन अँपिअर वाहताना मान टाकते. म्हणून विजेची तपासणी नेहमी लोड चालू ठेवून करायची.

अर्थ वायरीचा रंग कंपनीगणिक बदलतो. हिरो आणि होंडात अर्थ हिरवी, बॅटरीची प्लस लाल, चावीनंतरची प्लस काळी. मॅग्नेटकडून येणाऱ्यांपैकी पिवळी लाइटची आणि पांढरी चार्जिंगची. बजाजच्या बऱ्याच गाड्यांत अर्थ काळी-पिवळी असते. यामाहात अर्थ काळी. म्हणजे होंडाची काळी प्लस आणि यामाहाची काळी अर्थ. एका गाडीवर शिकलेलं दुसरीवर बिनधास्त वापरलं की फ्यूज उडतो. आपल्या मॉडेलची वायरिंग आकृती मिळवा आणि मगच हात घाला.

अर्थचा बोल्ट शोधा. तो सहसा टाकीखाली, इग्निशन कॉइलजवळ किंवा आरआरच्याच बोल्टवर असतो. बोल्ट काढा, थिंबलची दोन्ही तोंडं आणि चासीवरची जागा लख्ख धातू दिसेपर्यंत घासा. चासी पुन्हा रंगवलेली असेल तर रंग त्या जागेवरून पूर्ण काढावा लागेल. गाडी पेंट करून आणल्यानंतर सुरू होणारी विजेची कटकट बहुधा इथलीच असते. घट्ट कसा आणि वरून ग्रीसचा पातळ थर द्या. शंका उरली तर आरआरच्या अर्थ वायरीला जोडून १.५ चौरस मिलिमीटरची एक जादा वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत ओढा. जुन्या गाडीवर ही जादा अर्थ मी कायमची ठेवायला सांगेन. तिने काहीच बिघडत नाही आणि पुढचे कितीतरी प्रश्न टळतात.

मग आरआर आणि मॅग्नेटचे कपलर उघडून पाहा. प्लास्टिक तपकिरी झालं असेल, पिन काळी-निळी पडली असेल, तर त्या जोडाने उष्णता खाल्ली आहे. सैल पिन तापते, तापून आणखी सैल होते. नुसता क्लीनर मारून भागत नाही: बारीक टोकाने मादी पिन दाबून घट्ट करा, आणि जळालेली असेल तर तेवढी पिन किंवा कपलर बदला. पूर्ण किट बदलण्याची गरज क्वचितच पडते, आणि किट बदलताना घाईत बसवलेल्या जोडांमुळे नवे दोष तयार होतात. किनारपट्टीवर, रत्नागिरी-सिंधुदुर्ग-गोव्याकडे, खाऱ्या हवेने पिनांवर हिरवी पूड जमते आणि ती वायरीच्या प्लास्टिकखाली दोन-तीन सेंटिमीटर आत शिरते. अशी वायर मागे सोलत जा. तांब्याचा लाल रंग दिसेपर्यंत कापा, मग नवी थिंबल लावा. काळ्या पडलेल्या तांब्यावर डाग धरत नाही.

हे सगळं झाल्यावर पुन्हा तेच मोजमाप घ्या. अर्थ ०.२ च्या आत आणि तरी चार्जिंग नाही, तेव्हा कुठे कॉइलचा संशय घ्यायचा. इंजिन बंद, कपलर सुटा, मीटर ओहमवर. छोट्या सिंगल फेज कॉइलचं रेझिस्टन्स साधारण ०.२ ते १.५ ओहम असतं. आधी दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून मीटरचा स्वतःचा आकडा वजा करा. इथे एक मोठी फसगत होते. या गाड्यांत कॉइलचं दुसरं टोक बहुधा इंजिन बॉडीलाच जोडलेलं असतं, त्यामुळे वायर आणि बॉडी यांत जोड दाखवणं हे बरोबर आहे. मोठ्या गाड्यांच्या थ्री फेज स्टेटरमध्ये (तिथल्या कॉइल प्लेटमध्ये) मात्र उलट: तीन पिवळ्या वायरींत आपापसात सारखं रेझिस्टन्स हवं आणि बॉडीशी अजिबात जोड नको. थ्री फेजचा नियम सिंगल फेजला लावून चांगल्या कॉइलला ‘शॉर्ट आहे’ म्हणून काढलं जातं. थ्री फेजची खरी परीक्षा चालत्या इंजिनवर होते: कपलर सुटा ठेवून कोणत्याही दोन वायरींत एसी व्होल्ट मोजले तर तिन्ही जोड्यांत जवळपास सारखे, आणि पाच हजार आरपीएमला सहसा पन्नासच्या वर येतात. एक जोडी मागे पडली तर स्टेटर जळला. हे मोजताना उघड्या पिनांना हात लावू नका, तेवढं व्होल्टेज झटका देतं.

कॉइल ठीक, अर्थ ठीक, कपलर ठीक, तरी रेसला व्होल्टेज थांबत नाही, मगच आरआर बदला. आणि बदलताना गाडीचा पार्ट नंबर जुळवा. चार पिनांचं दिसतंय म्हणून दुसऱ्या गाडीचं बसवलं तर पिनांचा क्रम वेगळा निघू शकतो. आरआरला हवा लागायला हवी. त्याच्या पंखांवर चिखल साचला किंवा कोणी ते सीटखाली कापडात गुंडाळून ठेवलं की ते तापून मरतं.

उडालेले दोन्ही बल्ब अजून टाकले नसतील तर नीट बघा, ते बरंच सांगतात. काच आतून काळपट आणि तुटलेल्या तारेच्या टोकांना वितळलेले मणी असतील तर व्होल्टेज जास्त झालं. काच स्वच्छ आणि तार मधूनच तुटलेली असेल तर धक्के: बल्बची स्प्रिंग सैल, होल्डरचा रबर गेलेला किंवा डोमचे बोल्ट ढिले. आत पांढरी-पिवळी पूड असेल तर काचेला तडा जाऊन हवा शिरली. पावसाचं पाणी तापलेल्या काचेवर पडल्याने असं होतं. हॅलोजनच्या काचेला बोटं लागली असतील तर तिथे तेलाचा डाग तापून काच कमजोर होते, म्हणून नवा बल्ब कागदाने किंवा कापडाने धरून बसवा. व्होल्टेजचं गणित निष्ठुर आहे: पाच टक्के वाढलं तर फिलामेंटच्या बल्बचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. उलट दहा टक्के कमी झालं तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. वायरीत हरवलेला एक-सव्वा व्होल्ट रात्री घाटात तुम्हाला खड्डा दाखवत नाही, इतका तो महाग पडतो.

म्हणून बल्बपाशीही मोजा. रेस स्थिर ठेवून आरआरच्या पिवळ्या वायरीवर किती आणि बल्बच्या पिनेवर किती, ते बल्ब पेटलेला असताना पाहा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर दोषी बहुतेक वेळा हँडलवरचा अपर-डिपर स्विच. त्याच्या आतल्या तांब्याच्या पट्ट्या काजळतात. स्विच उघडताना खाली कापड पसरा, आतली गोळी आणि स्प्रिंग उडून जाते. पट्ट्या घासून साफ करा, ग्रीसचा कण लावा. बल्बच्या होल्डरचं प्लास्टिक वितळलं असेल तर तिथे कधीतरी १०० वॅटचा बल्ब लागला असणार. ३५ वॅटला तीन अँपिअर लागतात, १०० वॅटला आठच्या वर. मूळ वायर आणि स्विच त्यासाठी बनलेलेच नाहीत. एसी हेडलाइटच्या गाडीत तर तेवढी ताकद कॉइलमध्ये नसते, म्हणजे जळणारा होल्डर आणि वर उजेडही कमी.

एलईडी बल्बबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून सांगतो. डीसीसाठी बनलेला एलईडी एसी वायरीवर लावला की तो लुकलुकतो आणि लवकर मरतो. चालला तरी फिलामेंटच्या जागेसाठी आखलेल्या परावर्तकात त्याचा प्रकाश भलतीकडे फाकतो; समोरचा आंधळा होतो आणि तुमच्या चाकापुढे अंधार राहतो. आधी व्होल्टेजची गळती थांबवा. चांगल्या कंपनीचा मूळ वॅटचा हॅलोजन पूर्ण व्होल्टेजवर पुरेसा उजेड देतो.

१ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू ठेवण्याचा नियम आला. त्या गाड्यांत हेडलाइटचा स्विचच नाही, आणि इंजिन चालू झाल्यावरच ती पेटते म्हणून ती एसीवरच आहे असं समजू नका. अनेक मॉडेलांत ती बॅटरीवरच असते, फक्त इंजिन चालू झाल्याचा इशारा मिळाल्यावर लागते. तिथे बॅटरी कमजोर असेल तर परिणाम थेट उजेडावर होतो. डीसी हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावायचा असेल तर ३० नंबरची पिन १० अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरीला, ८७ बल्बला, ८५ अर्थला आणि ८६ डिपर स्विचच्या जुन्या वायरीला, वायर १.५ चौरस मिलिमीटर. अपर आणि डिपरला वेगळे रिले. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ. तुमच्या एसी गाडीत हा साधा रिले चालणार नाही, तो थरथरेल.

हँडल वळवलं की लाइट जात असेल किंवा फ्यूज उडत असेल तर स्टीअरिंगच्या मानेपाशी वायरींचा जुडगा घासलेला असतो. फ्यूजवर फ्यूज जाळत बसू नका. फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब जोडा, आणि हेडलाइटसारखे मोठे लोड बंद ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल. मग हँडल फिरवत, वायरी एकेक हलवत जा. ज्या क्षणी बल्ब मंद होईल, तिथे बोटाखाली दोष आहे. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तार कधीही लावू नका, टाकीखालच्या वायरी पेटतात.

शेवटची तपासणी, सकाळच्या सेल्फसाठी. चावी बंद, बॅटरीची ऋण वायर सोडून मीटर १० अँपिअर रेंजवर मध्ये जोडा, आकडा अगदीच लहान आला की मिलिअँपिअरवर या. मीटर जोडलेला असताना सेल्फ दाबायचा नाही, मीटर जळेल. साध्या गाडीत गळती शून्यालगत हवी, डिजिटल मीटरच्या गाडीत काही मिलिअँपिअर. अलार्म, ट्रॅकर किंवा मोबाइल चार्जर कायम प्लसवर जोडलेला असेल तर वीसच्या वर जाऊ शकते. ५ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी वीस मिलिअँपिअरने दहा दिवसांत रिकामी होते, आणि अर्धवट भरलेली त्याच्याही आधी. फ्यूज काढल्यावर गळती थांबली तर ती पुढच्या वायरिंगमध्ये आहे. फ्यूज काढूनही राहिली तर आरआरचा कपलर सोडून बघा, आतला डायोड गळत असतो.

सगळं मार्गी लागल्यावर फोकस लावून घ्या, कारण डोम काढताना तो हललेला असतो. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, टायरमध्ये योग्य हवा, सीटवर तुम्ही बसलेले. डिपरच्या उजेडाची वरची कड भिंतीवर हेडलाइटच्या मध्यापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली यायला हवी. रोज मागे कोणी बसत असेल तर त्यांनाही बसवूनच लावा.